व्हेल मेल्यावरच बातमी का?

संपादक साहेब, नमस्कार.

कोकणात कुठे व्हेल वाहून आला की सगळे पेपर मोठा फोटो टाकतात, भोवती गर्दी, कोणीतरी सेल्फी घेतंय, आणि दोन दिवसांनी विषय संपला. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये गणपतीपुळ्याला पिल्लू अडकलं तेव्हा तरी लोक त्याला पाण्यात ढकलायला धडपडले, बिचारं वाचलं नाही ते वेगळं.

पण जिवंत व्हेलचं काय? ओमानच्या समुद्रात संशोधकांनी २०१७ साली 'लुबान' नावाच्या हम्पबॅक जातीच्या व्हेल मादीच्या पाठीला ती कुठे आहे ते कळवणारा सॅटेलाइट टॅग लावला, तो पाण्याखालून काही सांगत नाही, ती श्वास घ्यायला वर आली तरच सिग्नल जातो. तर ही बाई अख्खा अरबी समुद्र ओलांडून गोव्यासमोर आली, खाली कन्याकुमारीकडे गेली आणि परत ओमानला! म्हणजे आपण दिवाळीनंतर बीचवर भेळ खात होतो त्याच सुमारास ही त्याच समुद्रातून चालली होती आणि आपल्याला पत्ता नाही.

बाकीचे हम्पबॅक खायला ध्रुवाकडे जातात, हे मात्र अरबी समुद्र सोडतच नाहीत. ओमानकडे फोटोंवरून काढलेला त्यांच्या संख्येचा अंदाज शंभराच्याही आतला आहे. शेपटीच्या खालच्या बाजूचे काळे-पांढरे डाग प्रत्येकाचे वेगळे असतात, त्यावरून एकेकाची ओळख पटवतात, किती चिकाटीचं काम असेल बघा. १९६५-६६ च्या सुमारास सोव्हिएत जहाजांनी इथले २४२ हम्पबॅक चोरून मारले, त्यातून ते अजून सावरलेले नाहीत.

टॅग महाग, बोटीचा खर्च वेगळा, ते सरकार बघेल. पण मच्छीमार तर रोज समुद्रातच असतात ना. जाळ्यात अडकलेला संरक्षित प्राणी जाळं कापून सोडला तर आपलं राज्य नुकसानभरपाई देतं, तसं व्हेलचा व्हिडिओ जागा आणि वेळेसकट पाठवला तर थोडंफार मानधन द्यायला काय हरकत आहे? आमच्या नाशिकची मंडळी थंडीत पहाटे उठून नांदूरमध्यमेश्वरला पक्षी मोजायला जातात, ती हौशीने व्हेलच्या नोंदी करायला दापोली-मालवणलाही येतील, कोणी नीट शिकवलं तर.

तुमच्याकडून एवढंच हवंय, पुढच्या वेळी असा फोटो छापलात तर खाली वनविभागाची १९२६ ही हेल्पलाइन पण छापा, आणि जिवंत दिसला तर त्याचीही बातमी करा, आतल्या पानावर का होईना.

आपला,
एक नियमित वाचक,
इंदिरानगर, नाशिक