बापाइतकं असलं तरी गादी पोरालाच

इंदूर, रविवार रात्र

प्रिय मंद्या,

आठ महिने काही लिहिलं नाही, तू रागावला असशील आणि बरोबरच आहे. तब्येत ठीक, आईचे गुडघे तसेच. पण आज तुला सांगितल्याशिवाय झोप येणार नाही.

अरे तीन बिटचा मल्टिप्लायर, म्हणजे तीन-तीन बिटच्या दोन संख्यांचा गुणाकार करणारं सर्किट, प्रोग्रामकडून पिढ्यान्‌पिढ्या वाढवून घेतलं! ६ इनपुट, ६ आउटपुट, ट्रुथ टेबलच्या, म्हणजे कुठल्या इनपुटला काय उत्तर यायचं त्या तक्त्याच्या, ६४ ओळी, म्हणजे ३८४ बिट बरोबर यायला हवेत. ज्युलियन मिलरची पद्धत, एका सर्किटमध्ये थोडे थोडे आपोआप बदल करून त्याची चार पोरं काढायची, जे सरस ते पुढे. माझं ३७९ बरोबर बिटवर, म्हणजे ३७९ मार्कांवर, अडकलं ते नऊ रात्री हलेचना. मी धरूनच चाललो की छोट्या टेकडीच्या माथ्यावर बसलोय, चारी बाजूंनी उतार, संपलं. आणि मग सराफ्यातलं आपलं भांडण आठवलं. भुट्ट्याचा कीस हातात घेऊन तू ओरडला होतास, "बापाइतकं असलं तरी गादी पोरालाच दे!" मी म्हटलं हे जागच्या जागी फिरणं झालं, दोन दिवस बोललो नव्हतो आपण. परवा प्रोग्राममध्ये पोराला बापापेक्षा 'जास्त' मार्क हवेत या अटीच्या जागी 'जास्त किंवा तेवढेच' केलं, आणि आज पहाटे ३८४.

टेकडी नव्हतीच रे, आपल्या माळव्यासारखं लांबच लांब पठार होतं. मार्क तेच दिसतात पण आउटपुटला न जोडलेल्या गेट्समध्ये, सर्किटच्या त्या छोट्या घटकांमध्ये, उलथापालथ चालूच असते. लॉग उघडून बघितला, एक एक्सॉर गेट कितीतरी पिढ्या नुसता पडून होता, मग एक वायर सरकली आणि तो कामाला लागला. वसिलेव आणि मिलरनी २००० साली हेच मांडलं होतं, वाचलंही होतं मी, पण पटलं ते आज.

आता काळजी ही की सर म्हणतात पडीक गेट्स काढून टाक. काढून बघितले, आउटपुट तेच येतं. पण याच सर्किटवरून पुढे गेट्स कमी करायचेत, मग पठारावर फिरायचं कशाच्या जोरावर? एड्रियन थॉम्पसन या संशोधकानी १९९६ मध्ये इंग्लंडच्या ससेक्स विद्यापीठात चिपवरच्या १० बाय १० सेलमध्ये १ आणि १० किलोहर्ट्झचे सूर वेगळे ओळखणारं सर्किट असंच वाढवलं, त्यातले न जोडलेले दिसणारे काही सेल बंद केले तर काम बिघडायचं. ते खऱ्या चिपवर, माझं सिम्युलेशनमध्ये, कारण वेगळं आहे, कळतं मला, तरी हात धजत नाही.

तुझ्या बढतीचं कळलं, फार आनंद झाला, वहिनींना नमस्कार, चिनूची दहावी ना यंदा?

दोन्ही फाइल पाठवतोय, आधी न कापलेली बघ. मंगळवारी सरांना सांगायचंय, त्याआधी फोन कर, कितीही रात्र झाली तरी.

तुझा,
अव्या