वाघांची सोय लागली, माझ्या आप्पांचं काय?

मा. मंत्रिमहोदय,

सादर नमस्कार. डिसेंबरात अधिवेशनासाठी तुम्ही बेळगावात आला होता, तेव्हा आंदोलनाच्या मंडपात माझ्या हातून माझ्या वडिलांच्या, सर्कशीत रिंगमास्टर असलेल्या आप्पांच्या, मानधनाचा अर्ज घेतलात आणि म्हणालात, "अक्का, महिन्याभरात काम होईल." उत्तर मागच्या मंगळवारी आलं. सगळं कन्नडमध्ये. मला कन्नड बोलता येतं, सरकारी कन्नड वाचता येत नाही. शेजारच्या पोरानं वाचून दाखवलं, आप्पा खाटेवर बसून ऐकत होते. सर्कशीत जनावरं शिकवणं ही कला नव्हे, सबब वृद्ध कलावंताचं मानधन मिळणार नाही. चार ओळी. या चार ओळींसाठी मी वीस-पंचवीस खेपा घातल्या, दर खेपेला दिवसाची मजुरी बुडवून.

कला नव्हे? साहेब, कागवाडच्या वेशीपलीकडे म्हैसाळ आहे, तिथली देवल सर्कस अख्ख्या देशाला ठाऊक होती. अंकलखोपच्या विष्णुपंत छत्र्यांनी १८८०च्या सुमारास पहिली भारतीय सर्कस उभी केली. पुण्याचे दामू धोत्रे वाघ-बिबटे खेळवत अमेरिकेपर्यंत पोचले. हे सगळे काय रिकामटेकडे होते?

वाघ स्टुलावर कसा बसतो, हे तुमच्या खात्यातल्या एकाने तरी विचारलं का? आप्पा सांगतात, जनावराच्या जवळ एका ठरावीक अंतरापर्यंत गेलं की ते मागं सरतं. त्याच्याही आत पाऊल टाकलं की अंगावर येतं. त्या दोन्हींच्या मधल्या हातभर जागेत रिंगमास्टरचा सगळा धंदा. वाघ अंगावर यायला निघाला की स्टूल मधे ठेवायचं, तो त्यावर चढला की लगेच एक पाऊल मागं यायचं आणि काठीच्या टोकाला लावलेला मांसाचा तुकडा द्यायचा. असं दिवसाला दोनदा, महिनोन्‌महिने. चाबूक आवाजापुरता. एकदा आप्पांचं पाऊल चार बोटं पुढं पडलं, त्याच्या खुणा डाव्या कोपराखाली आहेत. त्या हाताची बोटं आता मिटत नाहीत, भाकरीचा तुकडा मी मोडून देते.

क्रौर्य नव्हतं असं मी म्हणत नाही. आप्पांच्या उस्तादांच्या काळी बछड्याला उपाशी ठेवत, गळ्याला दोन बाजूंनी दोर बांधून ओढत, हे आप्पांनीच मला सांगितलंय, आणि सांगताना त्यांनी मान खाली घातली होती. म्हणून १४ ऑक्टोबर १९९८च्या अधिसूचनेने वाघ, सिंह, बिबटे, अस्वलं, माकडं यांच्या खेळांवर बंदी आली ती योग्यच होती. सुप्रीम कोर्टाने ती कायम केली १ मे २००१ला, कामगार दिनी. सर्कशींतल्या वाघ-सिंहांसाठी बेंगळुरूजवळ बन्नेरघट्ट्यात केंद्र झालं, पिंजरे झाले, डॉक्टर झाले. व्हायलाच हवे होते. पण त्यांच्यासोबत तीस वर्षं झोपलेल्या माणसाला काय दिलंत? आप्पांनी नंतर निपाणीत तंबाखूच्या वखारीत पोती उचलली, एका हातानं. आई त्याच धुळीत खोकून गेली. माझी शाळा सातवीत सुटली.

आणि दाद मागायची कुठं? १९५६ला आम्हाला न विचारता सीमा आखली. इथं म्हणतात, तुम्ही मराठी, मुंबईला जा. मुंबईत म्हणतात, तुमचं रेशनकार्ड कर्नाटकाचं. सीमाप्रश्नाचा खटला २००४पासून सुप्रीम कोर्टात आहे आणि निवडणूक आली की दोन्हीकडच्या पुढाऱ्यांना आमचा पुळका येतो. मराठीत कागद मागितला तर कारकून वर बघत नाही. आम्ही कर भरतो तो कुठल्या भाषेत, हे कधी कुणी विचारत नाही.

माझं मागणं एवढंच: अर्ज पुन्हा उघडा, मानधन द्या, आणि उत्तर मराठीत पाठवा. आप्पा एक्क्याऐंशीचे आहेत, त्यांना आणखी तारखा देऊ नका.

पुरावा म्हणून आप्पांच्या वहीच्या झेरॉक्स जोडल्या आहेत. कुठल्या वाघिणीला डावीकडून जायचं नाही, कुणाला पावसात कामाला लावायचं नाही, कुठला सिंह आजारी पडला की आधी पाणी पिणं सोडतो, सगळं त्यात आहे. जनावरं ट्रकमध्ये चढवली त्या दिवशी आप्पांनी ही वही पुढं केली होती, ती कुणी हातातही घेतली नाही. मूळ वही मागू नका. ती त्यांच्या उशाखाली असते.

आपली,
निपाणीच्या एका रिंगमास्टरची मुलगी