कागद आडवा धरणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

मला नर्सिंगला प्रवेश मिळाला हे तुम्हाला कळलंच असेल, निवडयादी तुमच्या टेबलावरूनच पुढे जाते. तरी हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय. प्रवेश झाला की कौतुक विद्यार्थ्याच्या वाट्याला येतं, आभार शिकवणाऱ्यांच्या. कोणता विषय कधी घ्यायचा, कुठे अर्ज करायचा आणि कुठे मुळीच नाही, हे बसून समजावणारं तुमच्यासारखं सल्लागार माणूस दोन्हीकडे राहून जातं.

पहिल्या भेटीत मी फॉर्मवर तुमची सही घ्यायला आलो होतो. तुम्ही कोरा कागद आडवा धरलात, उजव्या टोकाला पेन्सिलीनं अर्जाची शेवटची तारीख लिहिलीत आणि तिथून उलट्या मागे येत गेलात. अर्जाच्या आधी निकाल हातात हवा, म्हणजे मायक्रोबायोलॉजी (सूक्ष्मजीवांचा विषय) त्याच्या आदल्या सत्रात. अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजीचा, म्हणजे शरीराची रचना आणि कार्य यांचा, दुसरा भाग त्याहून आधी, पहिला भाग त्याच्याही आधी, आणि केमिस्ट्री सगळ्यांत आधी. मी का विचारलं, तर म्हणालात, ‘रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ मध्येच राहावा लागतो, हे फिजिऑलॉजीच्या बाई सांगतील. पण पीएच म्हणजे काय, हे सांगायला त्या थांबणार नाहीत.’ खरोखर थांबल्या नाहीत. पीएच म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप, हे मला मात्र केमिस्ट्रीमुळे आधीच माहीत होतं.

लॅबचे दोन जड विषय एका सत्रात कोंबायचे नाहीत, ही तुमची अट तेव्हा मला फार सावध वाटली होती. पण बऱ्याच कॉलेजांत विज्ञान विषयांचे गुण वेगळे काढून बघतात, आणि एकच विषय किती वेळा पुन्हा दिला तर चालतो यालाही मर्यादा असते. घाईत खराब झालेला विषय पुढे नुसत्या मेहनतीनं धुऊन निघत नाही. उलट रमतगमत गेलं तरी पंचाईत, कारण काही ठिकाणी ठरावीक वर्षांपूर्वीचे विज्ञानाचे गुण धरतच नाहीत. या दोन्हींमधली वाट आखून देणं हे तुमचं काम. ते दिसत नाही, म्हणून त्याला कुणी काम म्हणत नाही, याचा मला मनापासून राग येतो.

स्टॅटिस्टिक्सवरून मी कुरकुर केली होती. नर्सला सरासरी कशाला लागते? तेव्हा तुम्ही आधुनिक नर्सिंगचा पाया घालणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेलची, रात्री दिवा घेऊन रुग्णांमध्ये फिरण्याची गोष्ट न सांगता तिनं १८५८ मध्ये छापलेली आकृती दाखवलीत: वर्तुळाचे बारा महिन्यांचे बारा तुकडे आणि त्यांत क्रिमियन युद्धातल्या सैनिकांचे मृत्यू. जखमांनी मेलेल्यांचे तुकडे लहान, टाळता येण्याजोग्या रोगांनी मेलेल्यांचे केवढे तरी मोठे. दोन वर्षांनी, १८६० मध्ये, तिनं लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा काढली. तुम्ही एवढंच म्हणालात, ‘शाळेच्या आधी तिनं आकडे मांडले.’ त्यानंतर मी त्या विषयाबद्दल तक्रार केली नाही. आवडला असं मात्र म्हणणार नाही!

गणिताची भीती तुम्ही त्याच खुर्चीवर बसवून घालवलीत. डॉक्टरांनी २५० मिलिग्रॅम लिहिलंय, बाटलीवर ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम असं छापलंय, किती द्यायचं? मी १० मिलिलिटर म्हणालो. तुम्ही मान डोलावलीत आणि लगेच ‘५.०’ लिहून कागद लांब धरलात. दशांशाचं टिंब दिसेना, ५० दिसायला लागले. पूर्णांकापुढे टिंब-शून्य कधी लिहायचं नाही, आणि अर्धा लिहायचा तर टिंबाआधीचं शून्य गाळायचं नाही. हे अभ्यासक्रमात पुढे येणारच होतं. पण दहापट डोस जाण्याइतकी जागा एका टिंबात असते, हे मला प्रवेशाआधीच कळायला हवं, असं तुम्हाला वाटलं. हे काम आपल्याला झेपेल का, हा प्रश्न मी स्वतःला पहिल्यांदा नीट विचारला तो तिथून घरी जाताना.

आणि ती लसींची फाइल! प्रवेश पक्का होण्याच्या कितीतरी आधी तुम्ही हिपॅटायटिस बी या यकृताच्या आजाराची लस सुरू करायला लावलंत. पहिला डोस, महिन्यानं दुसरा, सहाव्या महिन्याला तिसरा, आणि त्यानंतर महिना-दोन महिन्यांनी लस लागू पडली का हे बघायला रक्तातल्या प्रतिपिंडांची तपासणी. हे वेळापत्रक कुणाच्या घाईसाठी आखडत नाही. क्लिनिकलला, म्हणजे रुग्णालयातल्या प्रत्यक्ष शिक्षणाला, वॉर्डात पाऊल ठेवण्याआधी हे कागद मागतात. आमच्या तुकडीतले काही जण आत्ता त्यासाठी धावताहेत.

एका कॉलेजच्या जाहिरातीवर मी भाळलो होतो. प्रवेश सोपा, इमारत देखणी. तुम्ही त्याला वाईट म्हटलं नाहीत, फक्त नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का ते मलाच शोधायला लावलंत. मान्यता नसेल तर पदवी हातात पडूनही नोंदणी होत नाही, आणि नोंदणीवाचून नर्स म्हणून काम करता येत नाही. मी शोधलं. त्या नावावर तुम्हीच काट मारली असती तर मी मनात कुढत बसलो असतो.

मुलगा असून नर्सिंग का, हे मला सगळ्यांनी विचारलं. तुम्ही विचारलंत, रात्रपाळी झेपेल का.

प्रवेश नाहीच मिळाला तर काय, हेही त्या कागदाच्या तळाशी तुम्ही लिहून ठेवलं होतंत: रेस्पिरेटरी थेरपी (श्वसनोपचार), सार्वजनिक आरोग्य, आणि पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज. तेव्हा वाचून मन खट्टू झालं. पण मुलाखतीला गेलो तेव्हा हात थरथरत नव्हते, त्याचं श्रेय मी त्या तीन ओळींना देतो.

आता एक काम सांगतो. माझ्या ओळखीचा एक मुलगा उद्या तुमच्याकडे येईल. केमिस्ट्रीत जेमतेम पास झालाय आणि सगळं संपलं असं धरून चाललाय. बोलणार कमीच, फॉर्म पुढे करेल आणि सही मागेल. त्याला बसवून घ्या.

तुमचा विद्यार्थी