बीएमएस ‘डायरेक्ट’ करून घेऊ नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

साध्या सायकलला हब मोटरचे (चाकाच्या मध्यभागी बसणाऱ्या मोटरचे) किट बसवून ती विजेवर चालवणारे आता छोट्या शहरांतही दिसू लागले आहेत. त्यांची एक तक्रार ठरलेली असते : ‘सपाटीला चालते, चढाला बंद पडते, स्विच बंद-चालू केला की पुन्हा पळते.’ यावर अनेक दुकानांत जो उपाय होतो, त्याविषयी हे पत्र. बॅटरीचे वेष्टन फाडायचे, आतल्या बीएमएसच्या (सेलवर लक्ष ठेवून धोका दिसताच वीज तोडणाऱ्या संरक्षक सर्किटच्या) पट्टीवरची ‘बी मायनस’ (सेलकडचे ऋण टोक) आणि ‘पी मायनस’ (बाहेर जाणारे ऋण टोक) ही दोन टोके जाड वायरीने जोडून टाकायची आणि ‘डायरेक्ट करून दिली’ म्हणून पैसे घ्यायचे. सायकल त्या दिवशी चढ चढते, गिऱ्हाईक खूश होते. ही दुरुस्ती नाही, आगीची तयारी आहे.

३६ व्होल्टच्या लिथियम-आयन पॅकमध्ये सेलचे दहा गट सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक जोडलेले असतात. पूर्ण भरलेला गट ४.२ व्होल्ट दाखवतो, म्हणून चार्जर ४२ व्होल्टचा. (४८ व्होल्टच्या पॅकमध्ये तेरा गट, चार्जर ५४.६ चा.) चढावर करंट वाढला की दहांतल्या एखाद्या थकलेल्या गटाचे व्होल्टेज झपाट्याने खाली येते आणि ते २.८ च्या आसपास पोचले की बीएमएस पुरवठा तोडते. म्हणजे ती बिघडलेली नसते, आपले काम चोख करत असते. किटच्या बहुतेक बॅटऱ्यांत चार्जिंग आणि डिस्चार्ज दोन्ही ‘पी मायनस’मधूनच होतात. त्यामुळे ती वायर टाकली की जादा डिस्चार्जपासूनचे संरक्षण जातेच, शिवाय जादा चार्जिंगपासूनचेही जाते. पुढचे गणित सोपे आहे. थकलेला गट ३.६ वरच अडकला तर चार्जरच्या ४२ मधले ३८.४ व्होल्ट उरलेल्या नऊ गटांवर येतात, म्हणजे प्रत्येकी जवळपास ४.२७. तो गट २.५ वर गेला असेल तर ४.३९. चांगले गट असे रोज रात्री मर्यादेबाहेर भरले जातात. त्यात कोणी शिसे-ॲसिड बॅटरीचा ३६ व्होल्टचा जुना चार्जर लावला, जो ४३ ते ४४ व्होल्टपर्यंत जातो, तर विचारायलाच नको.

मग करायचे काय? आधी बॅटरी खरोखर दोषी आहे का ते पाहायचे. चढावर बंद पडण्याचे कारण पुष्कळदा काळा पडलेला कनेक्टर असतो. सायकल जोर घेत असताना एकदा बॅटरीच्या टोकांवर आणि एकदा कंट्रोलरच्या (बॅटरीची वीज मोटरला हवी तशी पुरवणाऱ्या डबीच्या) टोकांवर व्होल्टेज मोजावे. फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आला तर दोष वायरीत किंवा जोडात आहे. १५ अँपिअरला अर्धा व्होल्ट म्हणजे साडेसात वॉट उष्णता त्या इवल्याशा जोडात साठते आणि त्याचे प्लास्टिक वितळू लागते. कनेक्टर बदलताना नुसती पिना घासून भागत नाही, टोके नव्याने सोल्डर करावी लागतात. बॅटरी जोडताना उडणारी ठिणगी कंट्रोलरमधल्या कपॅसिटरमुळे असते. तीच हळूहळू पिना खाते, म्हणून ठिणगीरोधक कनेक्टर घेतलेला बरा.

जोड ठीक निघाले तर बीएमएसला जाणारा बारीक वायरींचा प्लग तपासावा. दहा गटांच्या पॅकला अशा अकरा वायरी असतात. शेजारच्या दोन-दोन वायरींत एकेक गट मोजता येतो, फक्त मीटरच्या सळ्या एकमेकींना लागू देऊ नयेत. पूर्ण चार्जनंतर गटागटांत ०.०२–०.०३ व्होल्टचा फरक चालतो. एखादा गट ०.१ ने मागे असेल तर हिरवा दिवा लागल्यावरही चार्जर काही तास तसाच ठेवून पाहावा, मात्र घरात कोणी जागे असतानाच. स्वस्त बीएमएसचा समतोल साधण्याचा वेग अगदी मंद, काही दहा मिलिअँपिअरचा असतो. तो गट पुन्हा दोन-चार दिवसांत, सायकल न वापरताही, खाली आला तर त्यातले सेल गेले. तेवढा एक गट नवा घालून घेण्याचा मोह टाळावा. जुन्या नऊ गटांशी त्याची क्षमता जुळत नाही आणि असमतोल पुन्हा सुरू होतो. २ व्होल्टच्या खाली बरेच दिवस राहिलेला सेल तर कधीच चार्ज करू नये : आतले तांबे विरघळून चार्जिंगच्या वेळी भलतीकडे जमा होते आणि सेल आतूनच शॉर्ट होतो. सेलवर थेट सोल्डर करणाऱ्याकडून पॅक बांधून घेऊ नये. तिथे निकेलची पट्टी आणि स्पॉट वेल्डिंगच हवे. निकेल म्हणून पुष्कळदा मुलामा दिलेले लोखंड खपवले जाते. पट्टी थोडी घासून मिठाच्या पाण्यात टाकली की दुसऱ्या दिवशी गंज सगळे सांगतो.

मोटरच्या बाजूचे दोष मात्र कोणत्याही सायकल दुकानात सुटण्यासारखे आहेत. साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. मोटर मुळीच फिरत नसेल तर आधी दोन्ही ब्रेक लिव्हरच्या कट-ऑफ वायरी काढून बघाव्यात. स्विच अडकला की ब्रेक दाबलेलाच आहे असे कंट्रोलर धरून चालतो. नंतर थ्रॉटल, म्हणजे वेगाची मूठ : लाल-काळ्या वायरींत ५ व्होल्टच्या जवळपास, सिग्नलच्या वायरीवर मूठ सोडलेली असताना ०.८–०.९ आणि पूर्ण पिळल्यावर ३.५ च्या वर. मोटर नुसती थरथरत असेल तर हॉल सेन्सर (मोटरमधल्या चुंबकांची जागा ओळखणारे सेन्सर) पाहावेत. चाक हाताने सावकाश फिरवताना पिवळ्या, हिरव्या, निळ्या बारीक वायरींवर आळीपाळीने शून्य आणि जवळपास ५ व्होल्ट दिसले पाहिजेत. गिअरच्या हबमध्ये एकाच दिशेने पकडणारा क्लच असतो, तेव्हा चाक उलटे फिरवायचे. सुलटे फिरवले तर आतली मोटर हलतच नाही आणि सेन्सर गेले असा चुकीचा निष्कर्ष निघतो. चाक जड, खटके देत फिरते का? मोटरला वीज नेणाऱ्या तीन जाड ‘फेज’ वायरी कंट्रोलरपासून सोडवा. मोकळे झाले तर कंट्रोलरचे मॉसफेट (मोटरची वीज चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर) उडालेत. तरीही जडच राहिले तर वायरी आसापाशी सोलवटून एकमेकींना चिकटल्या आहेत.

हे शेवटचे दुखणे बहुधा टॉर्क आर्म (आस फिरू नये म्हणून लावायची धातूची पट्टी) न लावल्याने होते. मोटर आसाला उलट दिशेने पिळत असते. नट सैल पडला की चपटा आस चिमट्याच्या (चाक धरणाऱ्या फोर्कच्या) खाचेतून निसटून फिरतो आणि वायरी तोडून टाकतो. पुढच्या ॲल्युमिनियमच्या चिमट्यात मोटर बसवणे तर धोक्याचेच, कारण तो वाकत नाही, एकदम तुटतो. किट बसवल्यावर पहिल्या शे-दीडशे किलोमीटरनंतर नट आणि आरे पुन्हा कसावेत.

पावसात पाणी हबमध्ये शिरते ते वायरीवरून ओघळत. वायर आसापाशी खाली झोल देऊन बांधली की ते थेंब बाहेरच गळतात. पाणी आत गेलेच तर बाजूचे झाकण उघडून हब वाळवावे, गंजलेले बेअरिंग त्याच्यावर कोरलेला नंबर पाहून रबर सीलचे घ्यावे आणि नायलॉनच्या गिअरना थोडेच ग्रीस लावावे. प्रेशरच्या पाण्याने सायकल धुऊ नये.

बॅटरी उन्हात तापली असेल तर निवल्याशिवाय चार्जिंगला लावू नये. महिना-दोन महिने सायकल उभी राहणार असेल तर ३६ व्होल्टचा पॅक ३७–३८ व्होल्टवर ठेवावा. जिन्याखाली किंवा बाहेर पडण्याच्या वाटेत चार्जिंग नको. पॅक फुगला, गोडसर वास आला किंवा वापरात नसतानाही गरम वाटला तर तो उघड्यावर नेऊन ठेवावा. धूर दिसला तर हातही न लावता बाहेर पडून १०१ ला फोन करावा.

मेलेले पॅक भंगारात जातात आणि तिथे दाबाखाली पेट घेतात. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांच्या पुनर्वापराची सोय करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. तरी किट विकणाऱ्या कितीजणांकडे गिऱ्हाइकाला जुना पॅक परत देता येतो? महापालिका आणि नगरपालिकांनी ई-कचऱ्याच्या संकलन केंद्रांत, टोकांना चिकटपट्टी लावलेले असे पॅक वेगळे घेण्याची व्यवस्था करावी. सायकलदुरुस्ती करणाऱ्यांसाठी आयटीआयमध्ये आठवड्याभराचा वर्ग घेता येईल. आणि विक्रेत्यांनी प्रत्येक किटबरोबर वायरिंगचा नकाशा, सेलचा प्रकार, गटांची संख्या आणि चार्जरचे नेमके व्होल्टेज मराठीत छापून द्यावे. एका कागदाचा प्रश्न आहे.

आपला,
सायकलदुरुस्ती व्यवसायातील एक वाचक, सांगली