व्रत आणि पगार

परिचारिकांनी पगारवाढ मागितली की ‘हे तर सेवेचे व्रत’ असे हमखास ऐकवले जाते. ऐकवणारे स्वतःचा पगार व्रत म्हणून सोडत नाहीत, ही गोष्ट वेगळी! माझी आई परिचारिका होती. रात्रपाळी करून आली की पायाखाली उशी घेऊन पडायची. डोळा लागला तरी मध्येच दचकून ‘सलाईन संपलं का?’ विचारायची. कमी पगार तिला मान्य होता असे मी म्हणणार नाही. दुसरा मार्ग नव्हता, एवढेच.

आता मार्ग आहेत. आजच्या मुली परदेशी जातात, नाहीतर पेशाच सोडतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या अहवालाने जगात सुमारे ५९ लाख परिचारिका कमी असल्याचे म्हटले होते. या पेशात नव्वद टक्क्यांच्या आसपास स्त्रिया आहेत, हेही त्यातच आहे. पगार कमी राहण्याशी याचा काही संबंध नाही, असे कुणी छातीठोकपणे सांगून दाखवावे.

वेतन असे असावे की माणसे या पेशात येतील आणि टिकतील, हे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९७७च्या करारातच (क्र. १४९) आहे. इंग्लंडमध्ये रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंग या परिचारिकांच्या संघटनेच्या सदस्य डिसेंबर २०२२मध्ये संपावर गेल्या, तेव्हा ती संस्था शंभरी ओलांडून गेली होती. इंग्लंडमधला तो तिचा पहिलाच संप.

कोरोनाकाळात टाळ्या वाजल्या तेव्हा आई निवृत्त झालेली होती. ती एवढेच म्हणाली, “पाळीला माणसं किती आहेत ते विचारा.”

– एका परिचारिकेची मुलगी