व्यंगचित्रातला धूरच कापून पाठवल्याबद्दल तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : दारू-जुगारविरोधी जुन्या व्यंगचित्रांचा सदोष संच बदलून मिळण्याबाबत.

महोदय,

अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयासाठी मी तुमच्याकडून अकरा व्यंगचित्रांचा संच २,८४० रुपये भरून मागवला. पार्सल वेळेवर आले, कागदही चांगला आहे. तक्रार चित्रांबद्दल आहे.

संच आखाजीसाठी, म्हणजे अक्षय्य तृतीयेसाठी, हवा होता. आमच्या खान्देशात सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचे, साल आखाजीला संपते. हिशोब होतो, नव्या सालाची उचल हातात पडते आणि त्याच दोन दिवसांत गल्लोगल्ली पत्त्यांचे डाव बसतात. सणाचा खेळ म्हणून कुणी हटकत नाही. माहेरवाशिणी झोक्यावर गाणी म्हणत असतात आणि तिकडे खळ्यात वर्षभराच्या घामाचा पैसा जातो. भाषण दिले तर लोक उठून जातात, चित्रापुढे मात्र थांबतात. म्हणून ही खटपट.

इंग्रज चित्रकार विल्यम होगार्थचे जुगारअड्ड्याचे चित्र १७३५ सालचे. सर्वस्व हरलेला तरुण गुडघे टेकून, मूठ आवळून वर बघत आक्रोश करतोय, डोक्यावरचा केसांचा टोपही गेलाय. मागे आग लागून धूर निघतोय आणि डावात गुंतलेल्यांचे तिकडे लक्षच नाही. घर पेटले तरी पत्ता सुटत नाही, हे त्या धुरामुळेच कळते. तुम्ही चौकटीत बसवायला चित्राची वरची बाजू कापली आणि धूर गेला. आता तो नुसता एक चिडलेला माणूस दिसतो.

१७५१ च्या जोडचित्रांचेही तसेच. 'जिन लेन'मध्ये झिंगलेल्या आईच्या हातून मूल खाली पडतेय. 'बीअर स्ट्रीट'मधली माणसे मात्र धष्टपुष्ट आणि आनंदी आहेत, कारण होगार्थचा रोख जिन या कडक दारूवर होता. बीअरची त्याने स्तुतीच केली आहे. तुम्ही दोन्हींखाली 'दारूचे दुष्परिणाम' असे छापले. बचतगटाच्या एका ताईंनी मला विचारले, "सर, या लोकं तं मजामा दिखी ऱ्हायनात, मंग यामा वाईट काय शे?" मी ते चित्र तिथेच उतरवले.

सर्वांत मोठी चूक इंग्रज व्यंगचित्रकार जॉर्ज क्रुकशँकच्या 'द बॉटल'मध्ये आहे. १८४७ ची ही मालिका आठ चित्रांची. पहिल्यात नवरा बायकोला घोटभर घ्यायचा आग्रह करतो, सातव्यात नशेत बाटलीनेच तिचा जीव घेतो, आठव्यात तो वेडा होऊन बसलेला आहे. तुम्ही चौथे चित्र, कुटुंब रस्त्यावर भीक मागतानाचे, दोनदा पाठवले आणि सातवे पाठवलेच नाही. 'आडवी बाटली'साठी, म्हणजे गावातल्या दारूबंदीच्या मतदानासाठी, घरोघर फिरलेल्या बायका चित्रांपुढे उभ्या राहून विचारत होत्या, हिचं पुढे काय झालं? मी तोंडी सांगितले. चित्र समोर असते तर मला बोलावे लागले नसते.

मी दोनदा फोन केला. 'चित्र फाटलेले नसेल तर बदलून मिळत नाही,' असे उत्तर मिळाले. अपुरी मालिका आणि कापलेले चित्र हा दोषच आहे.

जुगारअड्ड्याचे न कापलेले चित्र आणि 'द बॉटल'चे सातवे चित्र तुमच्या खर्चाने सात दिवसांत पाठवावे. 'बीअर स्ट्रीट'खालची ओळ तुमच्या साऱ्याच संचांत दुरुस्त करावी. इतर वाचनालये आणि शाळाही तो घेत असतील. आखाजीला बारा दिवस उरले आहेत. सात दिवसांत चित्रे आली नाहीत, तर पूर्ण रक्कम परत करावी, नाहीतर मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन.

बिलाची प्रत आणि चित्रांचे फोटो सोबत जोडले आहेत.

आपला,
चिटणीस, सार्वजनिक वाचनालय
ता. अमळनेर, जि. जळगाव