दुपारी तीननंतर आपोआप लिहिणारा पॅनल

प्रति,
व्यवस्थापक, विक्रीपश्चात सेवा

विषय : ७५ इंची इंटरॲक्टिव्ह पॅनलबाबत चौथी तक्रार. (आधीच्या तीन तुमच्या ॲपवर ‘निराकरण झाले’ अशा दिसतात. कुणी केले, तेवढे कळवावे.)

महोदय,

सांगलीतील आमच्या शाळेच्या जोडवर्गातला दोन नंबरचा पॅनल दुपारी तीनच्या सुमारास आपोआप रेघोट्या ओढतो, पाने उलटतो, मधूनच अख्खा फळा पुसतो. ऊन उतरले की शहाण्यासारखा वागतो.

तुमचा टच इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांच्या, फ्रेमवर चालतो. एका कडेला एलईडी, समोरच्या कडेला रिसीव्हर. मधला किरण अडला की तिथे बोट आहे असे फ्रेम समजते. या पॅनलचे तोंड पश्चिमेला आहे. हिवाळ्यात ऊन नैर्ऋत्येकडून तिरपे येऊन फ्रेमच्या डाव्या आणि खालच्या पट्टीच्या आतल्या बाजूवर पडते. उन्हातही इन्फ्रारेड असतेच. त्याने रिसीव्हर दिपतात आणि फ्रेमला नसलेली बोटे दिसतात. पुठ्ठा आडवा धरून त्या दोन पट्ट्यांवर सावली पाडली की खेळ थांबतो; काढला की पुन्हा सुरू.

खडूची धूळ म्हणाल, तर फ्रेम दर शनिवारी कोरड्या मायक्रोफायबरने पुसली जाते. फोनच्या कॅमेऱ्यातून सगळे एलईडी जांभळट पेटलेले दिसतात, एकही मेलेला नाही. न्यूट्रल ते अर्थ १.४ व्होल्ट, म्हणजे अर्थिंगही ठीक. फॅक्टरी रीसेट दोनदा झाला.

काल फोनवर एवढे सगळे ऐकून घेतल्यावर तुमच्या प्रतिनिधी विचारतात, “सर, मुलांनी स्क्रीनला हात लावला होता का?”

लावला होता. टच पॅनल आहे.

“किती मुलांनी?”

तुमच्या माहितीपत्रकात एका वेळी २० टच चालतात असे छापले आहे, त्या हद्दीतच, असे सांगितले. मग चार मिनिटे होल्डवर सनई. परत येऊन म्हणतात, “सर, मी ‘युजर हँडलिंग’ अशी नोंद टाकते, ते वॉरंटीत बसत नाही. आणि पॅनल जागेवरून हलवू नका.” चाकांच्या स्टँडचे तुम्ही जास्तीचे पैसे घेतलेत, ते पॅनल हलवता यावा म्हणूनच ना? की चाके शोभेची आहेत?

शोभेचीच असावीत. दोन इंची प्लॅस्टिकची चाके शहाबादी फरशीच्या सांध्यात अडकतात, वरचा जड पॅनल पुढे झोकांडतो, आणि ब्रेक चारपैकी दोनच चाकांना. चार इंची रबरी चाके हवीत, चारही ब्रेकची.

लॅपटॉप जोडला की चित्र येते, टच येत नाही. पॅनलच्या स्वतःच्या अँड्रॉइडवर टच चालतो, म्हणजे इथे दोष फ्रेमचा नाही, केबलचा आहे. टचची यूएसबी केबल साधी, १० मीटरची टाकली आहे. साध्या यूएसबी २.० केबलची मर्यादा ५ मीटर, त्यापुढे सिग्नलला मधे जोर देणारी ॲक्टिव्ह केबल लागते. वर ती जोडणी जमिनीतल्या बॉक्समध्ये! २०१९ चा पूर पाहिलेल्या गावात तळमजल्यावर जमिनीत प्लग बसवायचे कुणाच्या डोक्यात आले? कमरेइतक्या उंचीवर भिंतीत घ्या.

पुन्हा सांगतो, मुलांनी हात लावल्याने हे होत नाही.

१५ दिवसांत उन्हाला दाद न देणारी फ्रेम, नाहीतर पॅनलच बदलून द्या. चाके आणि केबलही त्याच फेरीत. ‘युजर हँडलिंग’ची नोंद लेखी मागे घ्या. तोवर राहिलेली १० टक्के रक्कम मिळणार नाही, आणि सोळाव्या दिवशी जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज जाईल. तुमचे नाव ऐकून घेतलेला माल असा निघावा, याचे वाईट वाटते.

तासगाव, विट्याकडच्या शाळा हा वर्ग बघायला येऊ का विचारतात. त्यांना दुपारी तीनची वेळ दिली आहे.

संगणक विभागप्रमुख
(शाळेच्या वतीने)